लस देऊनही मानमोडी का येते? या चुका टाळा

मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग. त्यावरची लासोटा लस दिलेली असते, तरी महिनाभराच्या पिल्लांना धाप लागते, विष्ठा हिरवी पातळ होते, माना पिळवटतात. मग दोष लसीला, नाहीतर दुकानदाराला. बऱ्याचदा लस वाया गेलेली असते ती आपल्याच बादलीत.

टीसीएलचं पाणी

उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या कित्येक शेडवर टँकरचं किंवा ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी असतं आणि त्यात टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) पडलेली असते. लासोटा आणि गंबोरो (कोंबड्यांच्या दुसऱ्या एका रोगावरची) या जिवंत विषाणूच्या लसी. क्लोरीनपुढे त्या टिकत नाहीत. म्हणून लसीच्या आदल्या दिवसापासून टाकीत टीसीएल, सॅनिटायझर, औषध सगळं बंद ठेवा. लसीसाठी बोअरचं किंवा विहिरीचं साधं पाणी घ्या. टँकरशिवाय इलाजच नसेल, तर ते रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा. पाणी कुठलंही असो, लिटरला ५ ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर घालून २० मिनिटं थांबा आणि मगच कुपी फोडा. घरचं दूध ओतू नका, साईने पाण्याच्या नळीचे निपल चोंदतात.

पाणी किती? पिल्लू जितक्या दिवसांचं, हजार पक्ष्यांमागे साधारण तितके लिटर. २१ दिवसांची ५०० पिल्लं असतील तर दहा-अकरा लिटर. कडक उन्हाळ्यात दीडपट. आधी तासभर पाणी तोडा (हिवाळ्यात दोन तास) आणि लसीचं पाणी दोन तासांत संपलं पाहिजे. हे काम पहाटेच उरका. भांडी कमी पडली की दांडगे पक्षी सगळं पितात आणि कोपऱ्यातली मलूल पिल्लं कोरडी राहतात. पुढे रोग तिथूनच पसरतो. पाण्यात लसीसाठीचा निळा रंग टाकून नंतर वीसेक पक्ष्यांच्या चोची उघडून बघा. जीभ निळी नसेल तर त्या पक्ष्याला लस पोचलेली नाही.

पहिली लासोटा ५ ते ७ व्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून द्या. थेंब आत जिरेपर्यंत पिल्लू हातातच धरा.

तालुक्याहून कुपी शर्टाच्या खिशात आणणं हाही नेहमीचा प्रकार. ४२ अंशाच्या उन्हात ती गावात पोचेपर्यंत निकामी होते. थर्मासमध्ये बर्फ घालून आणा, २ ते ८ अंशांत ठेवा.

गावरानला थेट आर-टू-बी

परसातल्या कोंबड्यांना लासोटा न देता थेट आर-टू-बी या मानमोडीच्याच दुसऱ्या लसीची सुई टोचतात. ही लस तेज असते. आधी लासोटा झालेल्या, आठ आठवड्यांच्या पुढच्या निरोगी पक्ष्यांनाच ती द्यावी. कोवळ्या पिल्लांना दिली तर लसीनेच लुळेपणा येऊ शकतो.

मर लागल्यावर

सगळ्यात महागाची चूक म्हणजे उरलेले पक्षी घाईघाईने आठवडी बाजारात काढणं. लागण होऊन लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस जातात, म्हणजे आज धडधाकट दिसणारी कोंबडीही रोग घेऊनच गाव सोडते. रिकाम्या जाळ्या परत येतात त्याही विष्ठेने भरलेल्या. मेलेले पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकले की कुत्री ते दुसऱ्याच्या अंगणात नेतात. खोल खड्डा, वर चुना, त्यावर माती. चारा-पाण्याला आधी निरोगी शेडमध्ये जा, आजारी शेड शेवटी. चपला वेगळ्या ठेवा. मानमोडी विषाणूची असल्याने अँटिबायोटिकने ती थांबत नाही. रक्ती हगवण असेल तर ते दुखणं वेगळं, औषधही वेगळं.

एकदम मर लागली, तुरे निळे पडले, डोकी सुजली तर ती मानमोडी की बर्ड फ्लू हे नजरेने ओळखता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात सुमारे ८०० कोंबड्या मेल्यावर नमुने तपासले, तेव्हाच बर्ड फ्लू निघाला. अशा वेळी मेलेली कोंबडी चिरून बघू नका, १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर फोन लावा. बर्ड फ्लूत सरकारी भरपाई नष्ट केलेल्या जिवंत पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. त्यामुळे चार दिवस लपवलं तर तेवढी भरपाई बुडते.

मोकळ्या झालेल्या शेडमध्ये लगेच नवी बॅच टाकू नका. जुनी गादी (खाली अंथरलेला भुसा) पूर्ण काढा, धुऊन चुना मारा आणि शेड किमान तीन आठवडे रिकामं ठेवा.