बोन्सायचं मेलेलं लाकूड कोरताना या चुका टाळा

जुन्या बोगनवेलीचा जाडजूड खुंट हाताशी आला की लगेच ग्राइंडर लावावासा वाटतो. सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते: जिवंत साल कुठून कुठे जाते हे पाहिलेलंच नसतं. नखाने किंचित खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर तो भाग जिवंत. प्रत्येक हिरव्या फांदीपासून मुळापर्यंत तो पट्टा शोधा, दोन्ही कडा खडूने आखा आणि खडूच्या रेघेपासून बोटभर लांबच थांबा. ही रेघ ओलांडली की त्या पट्ट्यावर जगणारी फांदी जाते, मग काही करता येत नाही.

आता मशीनबद्दल. डाय ग्राइंडर किंवा लहान रोटरी टूल मिनिटाला 25,000 ते 30,000 फेरे घेऊ शकतं. एका हातात फांदी आणि दुसऱ्या हातात मशीन, असं मी अनेकांना करताना पाहिलंय आणि दर वेळी काळजात धस्स होतं. कुंडी टेबलाला घट्ट बांधा, फिरतं टेबल असेल तर ते लॉक करा, दोन्ही हात मशीनवर ठेवा. बिटला, म्हणजे मशीनच्या टोकाला बसवलेल्या फिरत्या कापणाऱ्या तुकड्याला, चाक समजा: ते लाकडावर ज्या दिशेला पळत सुटेल, त्या दिशेला कधीच ढकलू नका. उलट दिशेला ओढलंत तर मशीन हातात राहतं. नाहीतर ते उसळी मारतं, आणि समोर जिवंत साल तरी असते किंवा तुमचा अंगठा.

बिटचा दांडा कोलेटमध्ये, म्हणजे मशीनच्या दांडा धरणाऱ्या पकडीत, जेमतेम धरलेला नसावा. लांब, बाहेर आलेला दांडा पूर्ण वेगात वाकतो. बिटच्या पाकिटावर छापलेली वेगमर्यादा मशीनच्या वेगापेक्षा कमी असेल तर ते बिट लावूच नका. अँगल ग्राइंडरचं गार्ड काढू नका, त्यावर लाकूड कापायचं दातेरी पातं चढवू नका. कापडी हातमोजे, ओढणी, सैल बाही, मोकळे केस, गळ्यातलं मंगळसूत्र यातलं काहीही फिरत्या बिटात गुंतू शकतं. वायर ब्रशच्या तारा सुटून उडतात, म्हणून साधा चष्मा पुरत नाही. गॉगल आणि त्यावर फेसशील्ड हवं. धुळीसाठी एन-95 मास्क लावा. झाडावर नुकतं पाणी फवारलं असेल तर विजेचं मशीन दुसऱ्या दिवशी.

मशीनने फक्त ढोबळ लाकूड काढायचं. शेवटपर्यंत मशीनच चालवलं की गुळगुळीत, गोलसर खाचा उरतात आणि लाकूड साच्यातून काढल्यासारखं दिसतं. पटाशीने कड उचला, पकडीने तंतू धरा आणि हळूहळू खाली सोला. लाकूड आपल्या रेषेनेच फाटतं, आणि ती रेष कोणत्याही बिटला काढता येत नाही. मला तरी खरा आनंद इथेच मिळतो.

आपल्याकडे पुढचा प्रश्न पावसाचा. जुनिपर या सूचिपर्णी झाडाचं राळयुक्त लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. बोगनवेलीच्या खोडात मात्र लाकडाच्या मध्ये मऊ थर असतात, तेच आधी कुजतात. त्यामुळे तिच्या अणकुचीदार सुकलेल्या फांद्यांवर जीव लावू नका, पोकळी कोरा. पोकळीचा तळ उतरता ठेवा, पाणी साचता कामा नये. भाग आधीच भुसभुशीत झाला असेल तर टणक लाकूड लागेपर्यंत खरवडून काढा आणि उन्हात पूर्ण वाळू द्या.

मग लाइम सल्फर, म्हणजे मेलेलं लाकूड टिकवण्यासाठी लावायचं चुना-गंधकाचं द्रावण. पाऊस संपल्यावर, कोरड्या दिवसांत, उघड्यावर, रबरी हातमोजे घालून लावा. लावताना ते पिवळं दिसतं, वाळता वाळता पांढरं होतं. फारच पांढरं वाटलं तर पुढच्या वेळी त्यात थेंबभर काळी शाई टाका. मातीवर प्लॅस्टिक पसरा, जिवंत सालीवर ओघळ येऊ देऊ नका. आम्लाच्या जवळ, म्हणजे टॉयलेट क्लीनरसारख्या गोष्टींजवळ, ही बाटली ठेवू नका. दोन्ही मिसळले तर विषारी वायू निघतो.

कोरल्यानंतर आठवड्याभरात एखादी फांदी मलूल झाली तर घाबरून खत घालू नका. सालीच्या उघड्या कडांवर कट पेस्ट (झाडाची जखम झाकायचा लेप) लावा, झाड दुपारच्या उन्हापासून बाजूला ठेवा, माती नुसती ओलसर राहू द्या. नवी पालवी धरेपर्यंत त्या झाडाला पुन्हा मशीन लावू नका.