जर्मनीत आल्यावर श्टॉयर-आयडी कसा मिळवावा

जर्मनीत नोकरीवर रुजू झालेल्या माणसाकडे कंपनीचा एचआर विभाग पहिल्याच दिवसांत एक अकरा आकडी क्रमांक मागतो. हा श्टॉयर-आयडी, म्हणजे व्यक्तीचा करओळख क्रमांक होय. भारतात पॅनसाठी स्वतः अर्ज भरण्याची सवय असल्यामुळे नवा माणूस आधी अर्जाचा नमुना शोधू लागतो. पण इथे राहायला आलेल्यासाठी असा अर्ज नाही. आपण ज्या गावात राहायला आलो तिथल्या नोंदणी कार्यालयात पत्त्याची नोंद केली की ती माहिती बॉनस्थित बुंडेसत्सेंट्रालआम्ट फ्युअर श्टॉयर्न या केंद्रीय कर कार्यालयाकडे आपोआप जाते, तिथे क्रमांक तयार होतो आणि टपालाने घरी येतो. त्यासाठी शुल्क पडत नाही, म्हणून पैसे घेऊन हा क्रमांक ‘काढून देणाऱ्या’ संकेतस्थळांच्या वाटेला जाऊ नये. सगळी दक्षता पत्त्याच्या नोंदणीत आणि टपाल हाती पडण्यात घ्यावयाची असते.

या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात आणि नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करणे कायद्याने बंधनकारक आहे. कार्यालयाचे नाव गावागणिक बदलते: बर्लिनमध्ये बुर्गरआम्ट, म्युनिक आणि श्टुटगार्टमध्ये बुर्गरब्युरो. मोठ्या शहरांत भेटीची वेळ लवकर मिळत नाही, त्यामुळे घर नक्की होताच ती ऑनलाइन घेऊन ठेवावी. बर्लिनमध्ये आपण राहतो त्याच भागातले कार्यालय हवे असे नाही, शहरातले कोणतेही चालते. तेव्हा जवळची वेळ मिळत नसेल तर दूरच्या भागातली घ्यावी. सोबत पासपोर्ट, व्हिसा, भरलेला नोंदणी अर्ज आणि घरमालकाने सही केलेली व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तुम्ही त्या घरात राहायला आला आहात अशी लेखी पुष्टी न्यावी. भाडेकरार दाखवून ही पुष्टी टाळता येत नाही. तिच्यात घराचा पूर्ण पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहायला आलेल्या प्रत्येकाचे नाव असावे लागते. पत्नी आणि मुले सोबत आली असतील तर त्यांचीही नावे आहेत ना, हे सही घेतानाच पाहावे.

इथेच अनेकांचे गाडे अडते. सुरुवातीला महिना-दोन महिन्यांसाठी घेतलेल्या सुसज्ज खोलीच्या जाहिरातीत कधीकधी ‘आनमेल्डुंग होणार नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असते, आणि नोंदणी नाही तर क्रमांकही नाही. माझ्या मते पहिला मुक्काम निवडताना भाड्याच्या आधी हाच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे, कारण थोडे जास्त भाडे परवडते, पण नोंदणीअभावी रखडलेला पगार, बँक खाते आणि निवास परवाना परवडत नाही. पैसे घेऊन दुसऱ्याच्या पत्त्यावर नाव लावून देणारेही भेटतात. न राहता केलेली नोंदणी बेकायदा आहे आणि असा खोटा पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. त्या वाटेने कधीही जाऊ नये.

नावाच्या बाबतीत आपल्याकडची पद्धत लक्षात ठेवणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेकांच्या पासपोर्टवर स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव हे दोन्ही एकाच रकान्यात असते. जर्मन अधिकारी तो संपूर्ण रकाना तुमचे नाव म्हणून नोंदवतो, आणि पत्रही त्याच लांबलचक नावाने येते. याला हरकत घेण्याचे कारण नाही. नोकरीच्या करारात आणि बँकेत मात्र पासपोर्टप्रमाणेच नाव असू द्यावे. नोंदणी संपल्यावर हाती पडणारा मेल्डेबेश्टेटिगुंग हा कागद खिडकीसमोर उभे असतानाच वाचावा. नाव, जन्मतारीख आणि घरक्रमांक तपासून चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावी.

अर्जात धर्माचाही रकाना असतो. हा रकाना करासाठी असतो: कॅथलिक किंवा इव्हँगेलिकल चर्चचे सदस्यत्व नोंदवले की आयकराच्या रकमेवर बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८ टक्के, तर इतर राज्यांत ९ टक्के चर्च कर बसतो. गोव्यातून किंवा वसईतून आलेल्या कॅथलिक कुटुंबांना याची पूर्वकल्पना असावी. माहिती खरीच द्यावी, पण तिचा परिणाम ठाऊक असताना द्यावी.

यानंतरची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण माझ्या समजुतीप्रमाणे सर्वाधिक पत्रे तिच्यापायीच हुकतात. जर्मनीतल्या पत्त्यात सहसा फ्लॅटचा क्रमांक नसतो. रस्ता आणि इमारतीचा क्रमांक एवढेच असते, आणि पोस्टमन पत्रपेटीवरचे आडनाव वाचून पत्र टाकतो. तुमचे आडनाव पेटीवर नसेल तर पत्र परत जाते, आणि त्याची तुम्हाला खबरही लागत नाही. म्हणून घराची किल्ली मिळाली त्याच दिवशी पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर नाव लावावे. पासपोर्टवर पतीपत्नींची आडनावे वेगळी असतील तर दोन्ही लावावीत. दुसऱ्याच्या घरात खोली घेऊन राहत असाल तर मालकाला विचारून त्याच्या नावाखाली आपले नाव ठळक अक्षरांत चिकटवावे.

पत्र साधारण दोन ते चार आठवड्यांत येते. साध्या दिसणाऱ्या त्या कागदावर ११ आकडे दोन, तीन, तीन, तीन अशा गटांत छापलेले असतात. तो जपून ठेवावा आणि फोटो काढून ठेवावा. हा क्रमांक आयुष्यभरासाठी असतो. घर, नोकरी, आडनाव किंवा निवास परवाना बदलला तरी तो बदलत नाही. पूर्वी विद्यार्थी म्हणून जर्मनीत राहून गेलेल्यांचा जुनाच क्रमांक लागू राहतो आणि तो जुन्या नोकरीच्या वार्षिक करप्रमाणपत्रावर सापडतो. पत्र आलेच नाही तर केंद्रीय कार्यालयाच्या संकेतस्थळावरून क्रमांक पुन्हा मागवता येतो, पण तो फोनवर किंवा ईमेलने सांगितला जात नाही; उत्तर टपालानेच, नोंदवलेल्या पत्त्यावर येते आणि त्याला चार आठवडेही लागू शकतात. घाई असेल तर पासपोर्ट आणि नोंदणीचा कागद घेऊन आपल्या भागातल्या फिनान्त्सआम्टमध्ये, म्हणजे कर कार्यालयात, जावे. अनेक ठिकाणी तो समोरासमोर लिहून किंवा छापून देतात.

क्रमांक यायचा आहे म्हणून पगार थांबत नाही. विलंबात तुमचा दोष नसेल तर कंपनी तीन महिन्यांपर्यंत अंदाजे करवर्ग, म्हणजे पगारातून किती कर कापायचा हे ठरवणारा गट, धरून कर कापू शकते. त्यानंतरही क्रमांक दिला नाही तर सहावा करवर्ग लावला जातो, ज्यात मूळ करमुक्त मर्यादा (२०२५ साठी ती १२,०९६ युरो होती) विचारात घेतली जात नाही आणि हाती येणारा पगार बराच घटतो. जास्त कापलेला कर पुढच्या पगारांतून किंवा वार्षिक विवरणपत्र भरून परत मिळतो, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र क्रमांक हाती येताच तो एचआरला त्याच दिवशी लेखी कळवावा.

श्टॉयर-आयडी आणि श्टॉयरनुमर या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये. दुसरा क्रमांक स्थानिक फिनान्त्सआम्ट देते, आणि दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत राहायला गेल्यावर तो बदलतो. नोकरदाराला सुरुवातीला त्याची गरज नसते. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला मात्र एल्स्टर या सरकारी पोर्टलवर प्रश्नावली भरून तो मागावा लागतो.

कुटुंबातल्या प्रत्येकाला, तान्ह्या बाळालाही, स्वतंत्र श्टॉयर-आयडी मिळतो आणि बालभत्त्याच्या अर्जात पालकाचा व मुलाचा असे दोन्ही क्रमांक लागतात. पत्नी किंवा पती भारतातच असेपर्यंत नोकरदाराला सहसा पहिला करवर्ग लागतो. जोडीदार येऊन त्याचीही नोंदणी झाली की विवाहितांचा वर्ग मिळतो, पण त्यासाठी विवाहाची नोंद कार्यालयात व्हावी लागते. म्हणून विवाह नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र सोबत आणावे, आणि त्याचे शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर किंवा आणखी काही पडताळणी लागेल का, हे भेटीपूर्वीच त्या कार्यालयाला विचारावे.

भारतातली बँकही हा क्रमांक मागते. परदेशी वास्तव्य सुरू झाल्यावर भारतातले बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे खाते, करून घ्यावे लागते, आणि त्या वेळी भरावयाच्या घोषणापत्रात करनिवासाचा देश व तिथला करक्रमांक विचारलेला असतो. त्या रकान्यात श्टॉयरनुमर न लिहिता अकरा आकडी श्टॉयर-आयडी लिहावा, आणि पॅन त्याच्या स्वतंत्र रकान्यात द्यावा.