मूल्यं ठरवायची? आधी जमाखर्च काढा

प्रामाणिकपणा, कुटुंब, आरोग्य, समाधान. मूल्यांची यादी करायला बसलं की पाच मिनिटांत हीच नावं कागदावर उतरतात. ती खोटी नसतात, पण शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखी कुणालाही चालतील अशी असतात. म्हणून यादी नंतर.

आधी 14 दिवस रोज झोपण्यापूर्वी वहीत तीन ओळी लिहा: वेळ कुठे गेला, कशात घड्याळाकडे लक्षच गेलं नाही, कशाची चीड आली. तिसरी ओळ सगळ्यात बोलकी. हाताखालच्या मुलीचं श्रेय साहेबांनी लाटलं आणि आपलं काही नुकसान नसताना दिवसभर डोकं तापलेलं राहिलं, तर तिथे न्याय हे मूल्य दुखावलंय. (ट्रॅफिकमधली चीड धरू नका, ती ट्रॅफिकचीच असते.) मग तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा. हप्ते, भाडं, किराणा, वीजबिल खोडून जे उरतं त्यातल्या प्रत्येक खर्चापुढे तो कशासाठी केला ते एका शब्दात लिहा.

आता चिठ्ठ्या. वही आणि स्टेटमेंटमधून निघालेले 20-25 शब्द एकेका चिठ्ठीवर लिहून पाचच ठेवा. गाळताना दोन प्रश्न. 'हे पूर्ण झालं' असं कधी म्हणता येईल का? येत असेल तर ते ध्येय. घर घेणं रजिस्ट्रेशनला संपतं, घरच्यांना आधार देणं संपत नाही. दुसरा: कुणालाच कळणार नसेल तरी करीन का? 'कुणाला दुखवायचं नाही' ही चिठ्ठी बहुतेकदा इथेच गळते, कारण तिच्यामागे भीती असते.

उरलेल्या पाचांच्या दहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीला खरा पेच द्या: पुण्यात बढती मिळतेय, सांगलीत आई एकटी, कोणती चिठ्ठी खाली ठेवाल? सगळ्यात जास्त वेळा टिकलेल्या तीन तुमच्या. दोन मूल्यं आपसात भांडली म्हणून निवड चुकली असं नाही. मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी 1992 मध्ये मांडलेल्या दहा मूल्यांच्या वर्तुळात स्वातंत्र्य आणि सुरक्षितता समोरासमोरच्या बाजूंना आहेत. एकीकडे पाऊल टाकलं की दुसरीकडे ओढ बसतेच.

तिन्हींना प्रत्येकी एक लहान कृती द्या, वेळ-जागेसकट. 'कुटुंबाला वेळ देईन' चालणार नाही. 'रात्री 9 ते 9:30 फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, मी मुलीच्या खोलीत' हे चालेल. जमेल त्या दिवशी वहीत खूण करा, रविवारी खुणा मोजा. तीन आठवडे जमलंच नाही तर कृती निम्मी करा. तरीही पाय निघत नसेल, तर तो शब्द उसना आहे, चिठ्ठ्यांकडे परत जा.

पण 14 दिवसांच्या वहीत दुसरी ओळ रोज कोरी राहिली, आवडीचं जेवणही नकोसं झालं, झोप उडाली, तर चिठ्ठ्या बाजूला ठेवा. त्या अवस्थेत सगळीच मूल्यं फिकी दिसतात. आधी डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.