आधी तेलाची बाटली काट्यावर ठेवा

रक्ताच्या तपासणीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेलं निघालं आणि त्याच संध्याकाळी मी तेल बंद करून टाकलं. लोणी, बदाम, अंड्यातला पिवळा बलक, सगळ्यालाच फाटा. तीन आठवडे भाज्या नुसत्या पाण्यात शिजवून खाल्ल्या. जेवून दीड तास होत नाही तोच पोटात कावळे ओरडायला लागायचे. मग ब्रेड, ‘लो फॅट’ लिहिलेली बिस्किटं, डबाबंद रस. महिन्याअखेरीस वजन जिथल्या तिथे. आहारतज्ज्ञ मॅडमनी माझी वही चाळली आणि एकच विचारलं, “बंद करण्याआधी दिवसाला किती तेल खात होतात?” मला सांगता आलं नाही.

खाणं सुधारायला निघाला असाल, तर सुरुवात याच प्रश्नापासून करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिला आठवडा काहीही कमी करू नका, फक्त मोजा.

मी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा काढला. तेलाची बाटली ठेवली: 912 ग्रॅम. रोजच्या सवयीने भाजीत तेल ओतलं आणि बाटली परत ठेवली: 881. म्हणजे 31 ग्रॅम. यालाच मी आजवर ‘दोन चमचे’ म्हणत आले होते! मोजमापाच्या छोट्या चमच्यात 5 मिलिलिटर, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम तेल मावतं. माझे दोन चमचे जवळजवळ सात भरले. एक ग्रॅम फॅटमधून 9 कॅलरी मिळतात, प्रथिनं आणि कर्बोदकांच्या ग्रॅममधून 4. एका भाजीत 279 कॅलरी नुसत्या तेलाच्या गेल्या होत्या, आणि ताटात त्या दिसतही नव्हत्या.

रोज वजन करायचा कंटाळा असेल, तर सोमवारी सकाळी बाटलीचं वजन लिहून ठेवा, पुढच्या सोमवारी पुन्हा करा. जो फरक येईल त्याला सातने आणि घरात जेवणाऱ्यांच्या संख्येने भागा. तळणीचं उरलेलं तेल बाजूला काढत असाल, तर तेवढं वजा करा. आलेला आकडा अगदी काटेकोर नसतो, पण डोळे उघडायला पुरतो.

आता मर्यादा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी सांगते की दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी फॅटमधून 30 टक्के किंवा त्याहून कमी याव्यात, त्यातल्या सॅच्युरेटेड, म्हणजे लोणी-सायीत भरपूर असणाऱ्या संपृक्त फॅटमधून 10 टक्क्यांपर्यंत आणि ट्रान्स फॅटमधून (हे काय, ते पुढे येईलच) 1 टक्क्यापर्यंत. टक्क्यांत स्वयंपाक होत नाही, म्हणून ग्रॅम काढून घ्या. मला मॅडमनी दिवसाला 1800 कॅलरी सांगितल्या होत्या. त्याचे 30 टक्के 540, भागिले 9, म्हणजे 60 ग्रॅम. सॅच्युरेटेड 20 ग्रॅम, ट्रान्स 2 ग्रॅम. तुमच्या कॅलरी वेगळ्या असतील, हिशेबाची रीत हीच.

या 60 ग्रॅममध्ये फक्त बाटलीतलं तेल येत नाही, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. कपभर, म्हणजे 250 मिलिलिटर सायीसकट दूध: 8 ग्रॅम. एक अंडं: 5. मूठभर, साधारण 30 ग्रॅम बदाम: 15. झाले 28. धान्य आणि बाकी पदार्थांतून नकळत येणारे आठेक ग्रॅम धरले, की तेलासाठी उरतात 24, म्हणजे दिवसभराचे जेमतेम पाच छोटे चमचे. ज्या दिवशी बाहेर खाते, त्या दिवशी घरातलं तेल मी दोन चमच्यांवर आणते, कारण बाहेर किती ओतलंय ते आपल्या हातात नसतं.

पण फॅट शून्यावर नेऊ नका. ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वं फॅटमध्ये विरघळतात. सोबत थोडं फॅट असेल तर ती नीट शोषली जातात. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन मेदाम्लं तर शरीराला स्वतः बनवताच येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. शिवाय फॅटमुळे अन्न पोटातून सावकाश पुढे सरकतं. मला सारखी भूक का लागत होती, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे होतं.

प्रमाण कळलं की मग प्रकाराकडे वळा. माझ्या मते एलडीएलसाठी सगळ्यात जास्त फायदा इथे आहे. सॅच्युरेटेड फॅट एलडीएल वाढवतं. लोणी, साय, चीज, चरबीचं मांस, पाम तेल यांत ते भरपूर असतं. खोबरेल तेलात तर 80 टक्क्यांहून जास्त. लोण्याच्या एका मोठ्या चमच्यात 7 ग्रॅम, म्हणजे माझ्या दिवसाच्या कोट्याचा तिसरा हिस्सा. सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी, ऑलिव्ह यांच्या तेलात असंपृक्त फॅट जास्त असतं, तसंच अक्रोड, जवस आणि तेलकट माशांत. लोणी काढून त्या जागी यातलं काही आणलं तर एलडीएल उतरायला मदत होते. लोणी काढून मैदा आणि साखर आणली, जे मी केलं होतं, तर हाती काही लागत नाही. ‘लो फॅट’ पुड्यांतही पुष्कळदा फॅट काढून चव राखायला साखर किंवा स्टार्च घातलेलं असतं. म्हणून पुढची बाजू सोडा, पुडा उलटा करा.

मागे सगळ्यात आधी ‘दर 100 ग्रॅममागे’चा रकाना बघा. ‘दर सर्व्हिंग’चा आकडा छोटा दिसतो, कारण सर्व्हिंग कंपनीने ठरवलेली असते. ब्रिटनमधल्या लेबलांची पट्टी मला सोयीची वाटते: 100 ग्रॅममध्ये फॅट 17.5 ग्रॅमच्या वर म्हणजे जास्त, 3 पर्यंत म्हणजे कमी; सॅच्युरेटेड 5 च्या वर जास्त, दीडपर्यंत कमी. मग घटकांची यादी वाचा. ‘अंशतः हायड्रोजनेटेड तेल’ असे शब्द दिसले, तर पुडा परत ठेवा. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या या प्रक्रियेत तयार होणारं ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, खाली आणतं. काही देशांत अगदी थोडं ट्रान्स फॅट असलं तरी ‘0’ छापायची मुभा आहे, त्यामुळे आकड्यापेक्षा यादी महत्त्वाची.

पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास असेल, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) खूप वाढलेली असतील, गरोदर असाल, तर हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. आणि आपला कोटा घरातल्या तान्ह्या मुलांना कधीच लावू नका. पहिल्या दोन वर्षांत त्यांना फॅटची गरज जास्त असते.

माझं तेल अजूनही रोजच पातेल्यात पडतं. फक्त 5 मिलिलिटरचा चमचा आता बाटलीच्या गळ्याला रबरबँडने बांधलेला असतो, म्हणजे बाटली उचलली की चमचा आपसूक हातात येतो.