फुरसे चावल्यावर रक्त गोठते का? काचेच्या नळीची २० मिनिटांची चाचणी

भातलावणीच्या दिवसांत गडग्याच्या चिऱ्यांत हात घालताना फुरसे चावलेला किंवा बांधावर घोणशीवर पाय पडलेला रुग्ण कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, तेव्हा विषाने रक्तावर परिणाम केला आहे का, हे खाटेजवळच तपासता येते. त्यासाठी काचेची नळी आणि घड्याळ एवढेच लागते.

नळी मात्र काचेचीच, नवी, कोरडी आणि स्वच्छ असावी. काचेचा स्पर्श झाला की रक्त गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या काचेत ती नीट सुरू होत नाही. आमच्याकडे एकदा मावशींनी अगदी मनापासून घासून वाळवलेली नळी वापरली गेली आणि बिनविषारी साप चावलेल्या मुलाचे रक्त पातळच राहिले. सोबत आलेल्या काकांचे रक्तही तसल्याच नळीत पातळ राहिले, तेव्हा चूक ध्यानात आली. शंका आली की निरोगी माणसाचे रक्त असे शेजारी लावून पाहावे.

हाताच्या शिरेतून २ मिली रक्त घेऊन नळीत सोडावे, वेळ लिहावी आणि नळी स्टँडमध्ये उभी ठेवून द्यावी. नातेवाईक पाचव्या मिनिटाला विचारू लागतात, पण मध्ये नळी हलवून पाहू नये. २० मिनिटांनी ती एकदाच तिरपी करावी. गुठळी जागेवर राहिली तर रक्त गोठले. ओघळले तर डॉक्टरांनी, अॅड्रेनॅलिन (प्रतिविषाची तीव्र अॅलर्जी आल्यास द्यायचे औषध) हाताशी ठेवून, प्रतिविष सुरू करावे. हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा लघवी लाल होत असेल, तर नळीच्या निकालासाठी थांबू नये.

रक्त गोठले म्हणून रुग्णाला लगेच घरी पाठवणे धोक्याचे आहे. चाचणी पहिले ३ तास दर तासाला आणि पुढे २४ तासांपर्यंत दर ६ तासांनी करावी. नाग आणि मण्यार यांचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर काम करते, त्यामुळे तिथे गोठलेल्या रक्तावर विसंबता येत नाही. पापण्या जड होतात का, श्वास कसा चालतो, हे पाहत राहावे लागते.

प्रतिविष दिल्यावर पुढची चाचणी ६ तासांनी करावी, कारण गोठण्याचे घटक नव्याने तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो. तोवर स्नायूत इंजेक्शन टाळावे, आणि रुग्णाला १०८ च्या गाडीने पुढे पाठवायचे झाल्यास प्रत्येक चाचणीची वेळ व निकाल कागदावर लिहून सोबत द्यावा.