रोजच्या लिखाणासाठी स्टब आणि इटॅलिक निब : या चुका टाळा

हौसेनं १.१ मिमीची स्टब, म्हणजे गोलऐवजी चपट्या रुंद टोकाची, निब मागवायची, आठवडाभर सगळ्यांना अक्षर दाखवत फिरायचं आणि मग पेन खणात टाकून पुन्हा साध्या फाइन निबवर यायचं, हे फाउंटन पेनच्या नादी लागलेल्या बहुतेकांच्या बाबतीत घडतं. खापर फुटतं निबवर. खरं तर निब बिघडलेली नसते. ती रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून कापलेली असते आणि तिच्याबद्दलचे सल्लेही रोमन लिहिणाऱ्यांनी दिलेले असतात. आपण मात्र तिनं वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं काढायला बसतो.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक : रुंदी

लॅमी या पेन कंपनीच्या चपट्या निबा १.१, १.५ आणि १.९ मिमीत मिळतात. ट्विस्बी कंपनीची स्टब १.१ ची. त्यामुळे १.१ म्हणजे सगळ्यात बारीक, म्हणजेच रोजच्या कामाची, असा समज होतो. आता वहीत मोजून बघा. दोन ओळींत ८ मिमी अंतर असलेल्या वहीत वरची मात्रा आणि खालचा उकार यांना जागा सोडली, तर शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत जेमतेम ३ मिमी उरतात. रोमन इटॅलिक लिहिताना छोट्या अक्षराची उंची निबच्या रुंदीच्या साधारण पाचपट ठेवतात. इथे १.१ ची निब घेतली तर ती तिप्पटसुद्धा भरत नाही. मग ‘ठ’चं पोट बुजतं, ‘ळ’ची दोन्ही वेटोळी शाईनं भरतात आणि ‘कृ’ आणि ‘कु’ ओळखायला संदर्भ लागतो.

म्हणून आधी निब नाही, पट्टी घ्या. नेहमीच्या पेननं, नेहमीच्या वेगानं चार ओळी लिहा आणि ‘म’ची उंची मोजा. तिला पाचानं भागा. फार तर चारानं. ३ मिमीचं अक्षर असेल तर उत्तर ०.६ ते ०.७५ मिमी येतं. म्हणजे तुम्हाला १.१ नकोच आहे. पायलट कंपनीची सीएम (कॅलिग्राफी मीडियम) निब १.१ पेक्षा बरीच अरुंद आहे आणि स्वस्त पेनांतही मिळते, सुरुवातीला तीच घ्यावी असं माझं मत. दुसरा मार्ग, टिपिंग (टोकाला बसवलेला कठीण धातूचा मणी) असलेली चांगली ब्रॉड, म्हणजे जाड, निब जाणकाराकडून हवी तेवढी घासून घेणं. खर्चिक आहे, पण मोजून बेतलेली निब मिळते. १.५ आणि १.९ मथळ्यांसाठी आणि लग्नाच्या पाकिटांसाठी ठेवा. बँकेच्या फॉर्मवरच्या चौकटी भरायला यातलं काहीच काढू नका.

इटॅलिक घेतली, कारण रेघ जास्त देखणी दिसली

दिसतेच. इटॅलिक निबचे कोपरे धारदार असतात, त्यामुळे जाड-बारीक फरक ठसठशीत उठतो. पण तेच कोपरे वर जाणाऱ्या रेघेत कागदात रुततात. सावकाश सुलेखन करणाऱ्याला याचा त्रास नाही. बैठकीची टिपणं घेणाऱ्याला आहे. स्टबचे कोपरे गोलसर असतात. फरक थोडा कमी दिसतो, पण पेन हातात जरा फिरलं तरी ती सांभाळून घेते. कर्सिव्ह इटॅलिक या दोहोंच्या मधली. भरभर लिहिणाऱ्यानं स्टबपासून सुरुवात करावी. इटॅलिकच्या मोहात पडायला पुढे भरपूर वेळ आहे.

बोरूसारखं वळण मिळेल ही अपेक्षा

नेहमीसारखं, दांडा उजव्या खांद्याकडे ठेवून पेन धरलं की सरळ कापलेल्या निबची धार डावीकडून उजवीकडे चढत जाते. त्यामुळे खालून वर उजवीकडे जाणारी रेघ बारीक येते आणि वरून खाली उजवीकडे उतरणारी जाड. देवनागरीचं परंपरागत वळण याच्या नेमकं उलट आहे. बोरू तिरपा छाटला जायचा तो त्यासाठीच. त्यामुळे स्टबनं लिहिलेल्या ‘र’ची शेपटी जाड होते, जिथे बोरूची ती नाजूक असते. काना आणि शिरोरेषा जवळपास सारख्या जाडीच्या येतात. पेन सरळ स्वतःकडे वळवून धरलं तर काना जाड आणि शिरोरेषा बारीक होते. रोजच्या लिखाणात मला हेच जास्त वाचनीय वाटतं, कारण वरची जाड रेघ मात्रांना गिळत नाही.

यावर उपाय म्हणून काहीजण ऑब्लिक निब मागवतात. तिचा छेद साधारण १५ अंशांचा असतो. पेन किंचित फिरवून धरणाऱ्याची निब कागदावर सपाट बसावी, एवढ्यासाठीच तो असतो. देवनागरीचं वळण उलटवायला १५ अंश कुठेच पुरत नाहीत. तसं अक्षर हवंच असेल तर देवनागरीच्या बाजूनं कापलेली कट निब किंवा खरा बोरू घ्या आणि रविवारची सकाळ काढून बसा.

‘निब मधेच लिहीत नाही’

आधी पेन फिरतंय का ते पाहा. गोल टोकाची निब कशीही धरली तरी चालते. स्टबची दोन्ही पाती, म्हणजे मधल्या चिरेच्या दोन बाजू, एकाच वेळी कागदाला टेकावी लागतात. एक कोपरा उचलला की रेघेची एक कड फाटल्यासारखी दिसते किंवा रेघ तुटते. बॉलपेनची सवय असलेले हात शब्दाच्या शेवटी पेन वळवतात आणि दाबतातही. दाबल्यानं पाती फाकतात, शाईचा खंड वाढतो. निबची वरची बाजू आभाळाकडे ठेवून, अजिबात न दाबता अर्धं पान लिहून पाहा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

नाही मिटली तर निब आणि तिच्याखालची जीभ (निबपर्यंत शाई आणणारा भाग) कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा, कारण नव्या पेनात कारखान्यातलं तेल राहिलेलं असू शकतं. एकाच दिशेनं खरखर होत असेल तर दहापट भिंगातून समोरून बघा. एक पातं वर-खाली झालेलं असेल तर नखानं हलकेच समपातळीत आणा.

पॉलिश पेपर मात्र लगेच हाती घेऊ नका. इंग्रजी आठाचा आकडा गिरवत निब घासण्याचा सल्ला गोल टोकासाठी ठीक आहे. स्टबवर तसं केलं की कोपरे जातात आणि ज्या रेघेसाठी पैसे मोजले तीच जाते.

कागद आणि शाई

रुंद निब जास्त शाई सोडते, म्हणून फाइन निबला चालणारा वहीचा कागद इथे फुटतो. नुसता जीएसएम (कागदाचं वजन) बघून फसू नका. कागदाला शाई न पसरू देणारा लेप आहे की नाही, हे महत्त्वाचं. वही बदलायची नसेल तर शाई बदला. पेलिकन ४००१ सारखी कोरडी, म्हणजे कमी वाहणारी, शाई स्टबला लगाम घालते. उलट, दीर्घ ओळीत रेघ फिकी पडत जात असेल तर जीभ शाई पुरवण्यात कमी पडते आहे, तेव्हा जरा ओली शाई भरा. कनव्हर्टरमध्ये (पेनातली शाई भरायची नळी) हवेचा बुडबुडा अडकला की हेच लक्षण दिसतं. पेन टिचकीनं झटका, नवी शाई विकत घेण्याआधी.