तेरा विटांची कमान: घाटातला पूल अंगणात बांधून बघा

कर्जतला राहतो, पस्तीस वर्षं गवंडीकाम केलं. भोर घाटातले रेल्वेचे दगडी पूल कसे उभे केले असतील असं कोणी विचारलं, की मी बोलत बसत नाही. तेरा विटा आणायला लावतो.

आधी साचा. वडील त्याला कालबूत म्हणायचे, आताची पोरं सेंटरिंग म्हणतात. प्लायवूडचे दोन फूट व्यासाचे दोन अर्धगोल कापा, मध्ये आठ इंची पट्ट्या ठोका, वरून पत्रा वाकवा. दोन्ही बाजूंना विटांचे बुटके खांब रचा. साचा त्यांच्यामध्ये लाकडी पाचरींच्या जोड्यांवर असा ठेवा, की त्याची खालची कड खांबांच्या माथ्याशी जुळेल. पाचरी विसरलात तर पुढे साचा निघणार नाही, फोडावा लागेल.

खांबांच्या बाहेरून वाळूची पोती लावा. पहिल्यांदा मी लावली नव्हती. साचा काढला आणि खांब दोन्हीकडे सरकून सगळं पायावर आलं. कमान बाजूला रेटते, ती अशी. घाटातल्या पुलात शेजारशेजारच्या कमानी एकमेकींचा रेटा खातात आणि शेवटच्या दोन डोंगराला टेकतात. म्हणून तिथे एकच कमान पुरी करून साचा काढून चालत नाही, मधला खांब एका अंगाला कलेल.

चुना, सुरखी म्हणजे विटांची भुकटी, आणि वाळू समभाग घ्या. सिमेंट नको, त्याने विटा नुसत्या चिकटतात आणि कमान म्हणजे काय ते कळत नाही. दोन्ही बाजूंनी एकेक वीट चढवत या, सहा इकडे, सहा तिकडे. एका बाजूने पुढे गेलात तर साचा वाकडा होतो. सांधा आत बारीक, बाहेर रुंद. बाहेरच्या फटीत विटांचे तुकडे ठोका. तेरावी वीट मधोमध, हलक्या हाताने.

आता तीन आठवडे ओलं पोतं आणि सबुरी. चुना सावकाश धरतो. भोर घाटातल्या रेल्वेचं काम 1856 ते 1863 चाललं, सोळा मैलांच्या आत 1,831 फूट चढ, 25 बोगदे, आठ मोठे पूल. पावसाळ्यात काम जवळजवळ बंदच, म्हणजे वर्षाचे आठेक महिने हातात. 1859 मध्ये ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल वारला, तेव्हा ठेका त्याच्या बायकोने, अॅलिसने, पुढे चालवला. 1861 मध्ये मजूर चाळीस हजारांवर होते. त्यांची नावं कुठे नाहीत. गाडी सुरू होऊन चार वर्षं उलटतात तोच, जुलै 1867 मध्ये, याच घाटातला महूकीमाळीचा पूल कोसळला. बाहेरून घडीव दगड दिसतो. आत भरलेलं काम कसं आहे ते भर पावसातच कळतं.

तीन आठवड्यांनी पाचरी काढायच्या. एका दणक्यात नाही. डावीकडे एक टोला, उजवीकडे एक. कान लावा, बारीक 'कट्' आवाज येतो आणि कमान सुतभर खाली बसते. घाबरू नका, विटा एकमेकींना आवळतायत. साचा आणि कमानीत पोस्टकार्ड सरकलं, की साचा ओढून घ्या.

मग माथ्यावर वाळूचं पोतं ठेवा. एक रात्र तसंच राहू द्या. पोरं सकाळी येतात आणि आधी तिच्याखालून हात घालून बघतात.